करड्या नावाचं कार्ड

भर दुपारी बारा वाजता मी भूत पाहिलं, आणि तेही करड्या रंगाचं. खोटं वाटत असेल तर देशपांडेबाईंना विचारा. आमच्या हॉस्पिटलचे सगळे कम्प्युटर त्यांना चळाचळा कापतात.

रक्ताचे रिपोर्ट ठेवणारं आभासी मशीन, म्हणजे कम्प्युटरच्या पोटातला कम्प्युटर, आम्ही जुन्या सर्व्हरवरून नव्या प्लॅटफॉर्मवर हलवलं होतं. जुना सर्व्हर बंद, थंडगार, कपाळाला खंडेनवमीचं हळदकुंकू. आणि नेटवर्कवरचा जुनाच पत्ता द्यायला गेलो, तर नवं मशीन म्हणे, हा पत्ता दुसऱ्या नेटवर्क कार्डाकडे आहे. कुठलं दुसरं? त्रिभुवन पालथं घातलं, दुसरं कार्ड नव्हतंच! आणि पत्त्याशिवाय रिपोर्ट कुणालाच उघडेनात. तेवढ्यात थिएटरमधून फोन, "पेशंट टेबलावर आहे, रिपोर्ट कुठाय?"

"लपलेली उपकरणं उघड," बाई म्हणाल्या.

उघडली. यादीत जुन्या घरातलं, त्या बंद सर्व्हरवरचं, कार्ड बसलं होतं, फिकट, करडं, मेलेलं, पण पत्ता मुठीत घट्ट धरून.

"उडवतो," मी म्हणालो.

"थांब रे, शूरवीरा! आधी नाव वाच. भलतंच उडवलंस तर मशीन उठायचं नाही."

वाचलं, उडवलं, पत्ता नव्या कार्डाला दिला. रिपोर्ट थिएटरात पोचला.

माझ्या घरी अजून आधीच्या भाडेकरूची पत्रं येतात. तो वारला, असं शेजारी सांगतात. गेलेला माणूस जागा सोडतोच, असं कोण म्हणालं?

यादीत खाली आणखी करडी नावं होती.

"बाई, ही कुणाची?"

"हात लावू नकोस," बाई हळूच म्हणाल्या. "त्यांनी काय धरून ठेवलंय, ते अजून आपण मागितलेलं नाही."