पुसलेलं राखणारे भावजी

कुणी मराठीत ब्लॉग लिहावा आणि तो आमच्या धाकट्या भावजींच्या तावडीतून सुटावा, असं आजवर झालेलं नाही. बारामतीत माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि शेजारच्या गाळ्यात हे माझे दीर पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देतात. एका हातात तांब्याची तार, दुसऱ्या हातात फोन आणि फोनवर कुणाचा तरी ब्लॉग. तो उतरवून, त्याची फाईल करून, ई-रीडर नावाच्या पाटीसारख्या यंत्रात भरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांच्या मते फोनवर वाचणं म्हणजे एसटी स्टँडवर उभ्यानं जेवणं. घास तोंडाशी नेला की कुणीतरी धक्का देतंच. मग ते जाहिराती कापतात, तुटलेली जोडाक्षरं जुळवतात, अक्षर मोठं करतात. तोवर गिऱ्हाइकाची मोटार उघडी पडलेली असते आणि गिऱ्हाईक माझ्या दुकानात येऊन माझ्यावर डाफरत असतं. एकदा त्यांनी मला स्वयंपाकाचा एक ब्लॉग भरून दिला. मासवडीचं सारण भाजून झालं आणि पुढे पानंच्या पानं नुसतं "छान ताई", "मस्त ताई". मी यंत्र त्यांच्यापुढे धरलं. "प्रतिक्रिया कापायच्या राहिल्या, वहिनी!" म्हणाले आणि हातातला चहा तसाच ठेवून पळाले. स्वस्थ बसणं त्यांच्या पत्रिकेतच नाही. जुनी, बिघडलेली यंत्रं मिळवायची, दुरुस्त करायची आणि नात्यात वाटायची, हा त्यांचा दानधर्म.

अशा माणसाला वरकुट्याचे आबा भेटले. आबा आमचे लांबचे पाहुणे. तरुणपणी मेंढरं राखायचे, पुढे सगळी उमर ग्रामपंचायतीत शिपाई होते. दारातल्या काळ्या फळ्यावर रोज खडूनं लिहायचं काम त्यांचं. कालचं पुसायचं, आजचं लिहायचं. म्हातारपणी त्यांना लिहायची हौस आली म्हणून भावजींनी ब्लॉग काढून दिला. आबांनी तिथंही फळ्याचीच रीत ठेवली. रोज सकाळी कालचा लेख पुसायचा आणि त्याच जागी नवा लिहायचा. लिहायचे मात्र झकास! मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे दिवस, घोड्यावर लादलेला संसार, पहिल्या लोकरीचं घोंगडं. भावजी रोज फोन करून विनवायचे. "आबा, इथं जागा संपत नाही. जुनं राहू द्या की!"

"कालचं आज कोण वाचतंय? फळा कोरा पायजे गड्या."

मग भावजींनी पहाराच धरला. लेख आला की उतरवायचा आणि आमच्या सगळ्यांच्या यंत्रांत पाठवायचा. आबांचे थोरले भाऊ, तात्या, अंथुर्ण्याला असतात. त्यांची नजर अधू, म्हणून त्यांच्या यंत्रात अक्षर बोराएवढं करून दिलं होतं. तात्या रोज एक लेख वाचायचे. काही दिवसांनी भावजींनी ही कामगिरी छाती फुगवून आबांना सांगितली. आबांचा आवाज फोनवर एवढा चढला की मला माझ्या गल्ल्यावर ऐकू आला.

"समदंच ठिवलंस? मेंढरं इकल्याचं बी? आरं, त्यो राग त्या दिसाचा हुता! लिवला, पुसला. आमी भाऊ-भाऊ आत्ता कुठं बोलाय लागलोय!"

आबा एकदा आजारी होऊन पडले होते, तेव्हा तात्यांनी त्यांना न विचारता सगळी मेंढरं विकली. त्यावरून कित्येक वर्षं अबोला होता. तो नुकताच सुटला होता आणि भावजींनी तो लेख नेमका तात्यांच्याच हातात दिला होता. आता भावजी उभेही राहीनात आणि बसेनातही. मी शटर ओढलं, गाडी काढली. अंथुर्ण्यापर्यंत ते शेजारी बसून पाय असे दाबत होते, जणू ब्रेक आणि ॲक्सिलरेटर त्यांच्याकडेच आहेत.

तात्या ओसरीवर यंत्र नाकाला लावून बसले होते. भावजींनी चाचरत विचारलं, "तात्या, कुठवर आलं वाचून? जरा दुरुस्ती करायची होती."

"मेंढराचं पुसाय आलास न्हवं? वाचलं की परवाच." तात्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "खरं हाय त्ये. दवाखान्याला पैका नव्हता म्हून इकली. पर इचाराय पायजे हुतं. त्यानं कधी तोंडावर म्हटलं न्हाय, हितं म्हटलं. पुसू नगंस. आन् म्या वाचलंय ह्ये त्याला बोलू बी नगंस."

परतताना आम्ही वरकुट्याला थांबलो. आबा फाट्यावरच उभे होते. "पुसलं का?"

भावजींच्या पोटात आजवर तिळाएवढी गोष्ट राहिलेली नाही. पण ते खाली बघत म्हणाले, "पुसलं, आबा."

तात्या अजून बाजारच्या दिवशी आबांकडे चहाला जातात. हल्ली स्वतःहून मेंढरांच्या गोष्टी काढतात म्हणे, आणि आबांना याचं मोठं नवल वाटतं.

भावजी मात्र बदलले. कुणाचाही लेख घेण्याआधी आता ते फोन करून विचारतात, "ठेवू का?" आबांना विचारलं की आबा म्हणतात, "बघू, सांगतो." सांगेपर्यंत दुसरी सकाळ उजाडते आणि लेख गेलेला असतो. गिऱ्हाइकांच्या मोटारी आता वेळेवर मिळतात. माझ्या दुकानात कुणी येऊन डाफरत नाही. दुपारी गर्दी ओसरली की मी गल्ल्यामागून यंत्र काढते आणि वरकुट्याहून काही आलंय का ते बघते.