बी.ए. झालेली ठकू

माझ्या मोठ्या नणंदेइतकं तापट माणूस सोलापुरात दुसरं नाही, आणि हे मी भर मे महिन्यात गच्चीवर उभी राहून सांगायला तयार आहे. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून वन्सं निवृत्त झाल्या आणि घराण्याच्या इतिहासावर उलटल्या. निमित्त ठकूचं. ठकू ही त्यांच्या पणजोबांची बहीण, एकोणिसाव्या शतकात बी.ए. झालेली. एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. कुठं शिकली, कुणाच्या घरी दिली, हे कुणालाच नाही. "बी.ए. झालेली बाई हरवते कशी? म्हैस हरवली असती तर चार गावं पालथी घातली असती तुम्ही लोकांनी!" असं त्या ओरडायच्या, तेही माझ्यावर. मी तर या घरची सून, मी कुणाची म्हैस हरवली होती?

त्यांच्यापायी चारचौघांत जायची सोय राहिली नव्हती. हळदीकुंकवाला गेल्या की वाण बाजूला ठेवून यजमानीणबाईंची भांडी उलटीपालटी करायच्या, त्यांच्यावर घातलेली नावं वाचायला. एका विहीणबाईंना वाटलं, आपल्यावर चोरीचा आळ येतोय. एका जुन्या शाळेच्या रजिस्टरात ठकू बापाच्या नावासकट सापडली, तेव्हा वन्संनी कारकुनाला शेंगाचटणीची बरणी दिली आणि पान फाटल्याबद्दल तिथंच झापलंही. पदवीधरांच्या याद्यांत मात्र ठकू नव्हती. अकरा वर्षं त्या याद्यांवर बोट फिरवत होत्या.

अशात माझ्या चुलतदिरांनी घराण्याची वंशावळ छापायला घेतली. वन्सं म्हणाल्या, ठकूचं नाव घाल, पुढं बी.ए. लिही. "अक्का, मुली घेत नाहीत त्यात," भावजी म्हणाले. "तुझ्यासाठी घेईन, पण पुरावा आण. शुक्रवारी छापायला जातंय."  

बुधवारी कुर्डुवाडीला एक साखरपुडा होता. तिथं देवघरातल्या तांब्यावर वन्संनी वाचलं: 'चि. सौ. कां. ठकू हिस मामाकडून.' त्या किंचाळल्याच. घरच्या आजी धावत आल्या. "आमच्या आजेसासूबाईंचा हाय त्यो. लई शिकलेल्या व्हत्या, बी.ए. कागद हाय की अजून फ्रेम करून. पण त्यांचं नाव इंदिरा. ही ठकू कोण, आमाला काय ठावं न्हाय बघा."

वन्संनी तांब्या पदरानं पुसून पुन्हा वाचला. लग्नात नाव बदललं होतं. शाळेत गेली ती ठकू आणि कॉलेजात गेली ती इंदिरा. यादीतल्या त्या इंदिरेवरून त्यांचं बोट अकरा वर्षं घसरत गेलं होतं. "ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिलं आणि पोरगी पुसून टाकली!" त्या पाहुण्यांसमोर कडाडल्या. मलाही संताप आला, पण त्यांचाच. इतकी साधी गोष्ट मला केव्हाच सुचली असती. मला कुणी विचारलंच नव्हतं.

भावजींनी शब्द पाळला. वर आता घरच्या सगळ्या बायका घ्यायच्या, असा वन्संचा हुकूम सुटला. गुरुवारी त्या आमच्या स्वयंपाकघरात कागद घेऊन बसल्या. "सुनंदा, तुझं माहेरचं नाव काय गं?"

"वृंदा."

त्यांनी लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. "सुनंदा हे नाव मीच सुचवलं होतं, नाही का?"

"हो."

"राग आला होता?"

"खूप."

"मग बोलली का नाहीस तेव्हा?" त्या ओरडल्याच. मग त्यांचा चेहरा एवढासा झाला. चौतीस वर्षं मी त्यांना ऐकवायचं म्हणून काय काय साठवलं होतं. मी तव्यावर पोळी टाकली.

"वृंदा," त्यांनी हळूच हाक मारून पाहिली.

मी पोळी उलटत राहिले. मला हाक मारली आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही.