भाकरीचं एक, तोंडी लावायला एक

वाचनाचं वेड असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण पंचांग उघडल्याशिवाय पुस्तक न उघडणारी बाई आमच्या थोरल्या जाऊबाईंखेरीज सबंध नगर जिल्ह्यात दुसरी झाली नसेल. लोक पंचांगात मुहूर्त पाहतात, ग्रहण पाहतात, पाऊसपाण्याचा अंदाज पाहतात. जाऊबाई पाहायच्या ते एवढंच, की येत्या महिन्यात सण किती, लग्नं किती, उपास किती, आणि या सगळ्यांच्या फटीतून आपल्या वाट्याला पानं किती येतात. दर अमावस्येला दुपारी त्या सासूबाईंशेजारी पंचांग घेऊन बसत आणि खालच्या आवाजात विचारत, "आत्याबाई, ह्या म्हैन्यात आपल्याकडं कोन कोन येनार?" सासूबाईंना सुनेच्या आतिथ्याचं फार कौतुक. त्या बिचाऱ्या आठवून आठवून पाहुण्यांची नावं सांगत, आणि प्रत्येक नावासरशी जाऊबाईंच्या मनातलं पुस्तक थोडं थोडं बारीक होत जाई.

हे घर तिसगावजवळच्या एका वाडीतलं. माझे यजमान धाकटे, कचेरीत नोकरीला, मी शाळेत शिकवायची, म्हणून आम्ही नगरात सावेडीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो आणि सणासुदीला एसटीनं गावी जायचो. गावचा सगळा गाडा जाऊबाईंच्या डोक्यावर होता. गुरंढोरं, पोरं, मजुरांच्या भाकरी, सासूबाईंचे गुडघे आणि येणारा-जाणारा. यात वाचायचं कधी, हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला असता तर त्यानं वाचन सोडून दिलं असतं. जाऊबाईंनी त्याचं वेळापत्रक केलं. वैशाखात लग्नसराई, म्हणून कवितांचं एखादं पुस्तक, तेही पातळ. चैत्रात गावची जत्रा, तेव्हा छोट्या गोष्टी, कारण मध्ये उठलं तरी धागा तुटत नाही. माघात ज्वारीची काढणी आणि दारात मजूर, म्हणून प्रवासवर्णन. "आपन न्हाई तर न्हाई, कुनीतरी हिंडतंय, एवढंच बघायचं," असं त्या म्हणत. पितृपंधरवड्यात मात्र भुताची गोष्ट ठरलेली. आणि पौष? ज्या महिन्यात कुणी लग्न काढत नाही, मुंज करत नाही, सोयरीक घेऊन उंबरा चढत नाही, ज्याला सगळं गाव नाकं मुरडतं, तो भाकड पौष जाऊबाईंच्या लेखी वर्षातला सर्वांत शुभ महिना. पौषात त्या जाड कादंबरी घेत. वर्षातून एकदाच, आणि तिची वाट त्या दिवाळीपासून पाहायच्या.

त्यांचे नियम कडक होते. महिन्याला दोनच पुस्तकं, एक भाकरीचं आणि एक तोंडी लावायला. भाकरीचं म्हणजे जे पोट भरतं ते, आणि तोंडी लावायला म्हणजे चटकदार काहीतरी. अमावस्येला जे संपलं नाही ते तसंच परत जायचं, पुढच्या महिन्यात चालू ठेवायचं नाही. "शिळं वाढायचं न्हाई," एवढंच त्यावर स्पष्टीकरण. मी नवी नवी सून असताना आपल्या पदवीचा दिमाख दाखवायला एकदा माझी स्वतःची यादी त्यांना दाखवली होती. एका महिन्यात वाचायची पुस्तकं, विषयवार, लाल आणि निळ्या शाईत. जाऊबाईंनी ती वरपासून खालपर्यंत नीट पाहिली आणि म्हणाल्या, "ही यादी हाय का जेवनावळ? वाढून ठिवलंय खरं, पन खानार कोन?" त्या यादीतलं एकही पुस्तक मी वाचलं नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

आता हा महिन्याचा वाटा रोजच्या दिवसात बसायचा कसा, तर डाळीवर. जाऊबाई फक्त चुलीपुढे वाचायच्या. डाळ शिजत घातली, जाळ सारखा केला, की पाटाखालचं पुस्तक मांडीवर यायचं. मसूर लवकर शिजते, ती कवितेची. तूर म्हणजे एक प्रकरण. होळीला पुरणाची हरभऱ्याची डाळ शिजेपर्यंत खून होऊन खुनी सापडायचासुद्धा. आणि हुलगे म्हणजे तर विचारूच नका. हुलगे काही केल्या शिजत नाहीत, म्हणून कादंबरी रंगात आली की घरात लागोपाठ हुलगे. कधी उसळ, कधी माडगं, कधी शेंगोळे. थोरले दीर, म्हणजे जाऊबाईंचे मालक, शांतपणे ताटाकडे बघून म्हणत, "आज बी हुलगं? मंग काय, त्या पोरीला घरात घेत न्हाईत वाटतं आजून?" आणि एखाद्या दिवशी मसूर दिसली की, "गोष्ट पडली जनू." पोरं कुरकुरत, पण दीर दोनदा वाढून घेत.

पुस्तकं तेच आणायचे. तिसगावच्या बाजाराला गेले की तिथल्या छोट्या वाचनालयात जायचं आणि भाजीच्या पिशवीत घालून आणायचं. ते चौथीपर्यंत शिकलेले, पुस्तकांची नावं लक्षात राहत नसत, म्हणून जाऊबाई त्यांना बोटांनी जाडी दाखवत. तेही वाचनालयात जाऊन तशीच बोटं दाखवत. एका श्रावणात या पद्धतीनं कोंबड्यांच्या रोगांवरचं पुस्तक घरी आलं. माप अगदी बरोबर होतं. जाऊबाईंनी ते परत पाठवलं नाही. भाकरीचं म्हणून आणलंय तर भाकरीचंच, असं म्हणून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, आणि पुढे कितीतरी दिवस वाडीतली कुठलीही कोंबडी त्यांच्या समोरून तपासून घेतल्याशिवाय जाऊ शकली नाही. दीर मात्र त्या चुकीनं मनातून खट्टू झाले होते. बायकोच्या वाचनासाठी आपण काहीतरी मोठं करावं, असं त्यांनी बहुधा तेव्हाच ठरवलं असावं.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. पौष नुकताच लागला होता, जाड कादंबरी घरात आली होती, आणि दीर विहिरीवरच्या इंजिनाचा काही भाग आणायला नगरला आले. आमच्याकडे उतरले. माझ्याकडे तेव्हा नवा कुकर होता. दीर आणि धाकटी भावजय यांनी समोरासमोर बोलायची आमच्याकडे रीत नव्हती, पण त्या दिवशी ते जमिनीकडे बघत म्हणाले, "ह्याच्यात डाळ लवकर हुती?" मी म्हटलं, हो. "मंग बाईमानसाला येळ मोकळा?" मी म्हटलं, अगदी मोकळा. दुसऱ्या दिवशी इंजिनाचा भाग पिशवीत आणि नवा कोरा कुकर मांडीवर घेऊन ते एसटीत बसलेले मी पाहिले. तान्हं मूल घेऊन बसावं तसे बसले होते.

संक्रांतीला आम्ही गेलो तो जाऊबाईंचा चेहरा उतरलेला. तिळगूळ दिला, पण हसल्या नाहीत. मी स्वयंपाकघरात त्यांना एकटं गाठलं. त्या हळूच म्हणाल्या, "ह्यांनी लई कौतुकानं आनला गं. बोलू तरी कुनाला? पन माझं चुलीपुढचं बसनं ग्येलं." मला कळेना. कुकरमुळे तर वेळ जास्त मिळायला हवा. तेवढ्यात कुकरनं शिट्ट्या दिल्या, डाळ झाली, आणि बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "झाली का डाळ? मंग ये, शेंगा फोडायच्यात." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासूबाईंचा पुस्तकांवर राग मुळीच नव्हता, रिकाम्या बसलेल्या बाईवर होता. जाऊबाईंनीच मग ते उलगडून सांगितलं, "चुलीपुढं बसलेली बाई कामात असती. तिच्या मांडीवर काय हाय, कुनी बघत न्हाई. तीच वट्यावर जाऊन बसली का रिकामी." कादंबरी अर्ध्यावर अडली होती. नायिकेचा नवरा परत येणार की नाही, ते समजायच्या आत अमावस्या येणार होती, आणि नियम म्हणजे नियम. शिवाय नवऱ्यानं हौसेनं आणलेली वस्तू माळ्यावर टाकायची, हे त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं. सबंध वर्षाची ती एक कादंबरी हातातून जाताना बघून मलाच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणाचं रबर वाकडं बसलं असावं. कुकरच्या कडेतून वाफेचा असा काही फूत्कार निघाला, की सासूबाई गुडघे विसरून अंगणापर्यंत धावत गेल्या. "फुटतंय गं, पोरं भाईर काढा." जाऊबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी कुकरकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, परत कुकरकडे पाहिलं, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर संक्रांतीचं राहून गेलेलं हसू उमटताना दिसलं. मग त्या गंभीर आवाजात म्हणाल्या, "आत्याबाई, ह्याच्या फुडनं हलून चालत न्हाई. सारखी नजर ठिवावी लागती. तुमी आत येऊ नगा, पोरास्नी बी येऊ दिऊ नगा. जे व्हायचं ते माझं हुईल." आणि सासूबाईंच्या देखत माझ्याकडे वळून, "तुझ्या कुकरपुढं बी असंच बसावं लागतं ना गं?" मी बी. ए. झालेली, शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवणारी बाई. मी म्हटलं, "हो तर. फार धोक्याचा असतो."

त्या दिवसापासून त्यांना जे राज्य मिळालं ते हुलग्यांनीही कधी दिलं नव्हतं. कुकर चढला की स्वयंपाकघराकडे कुणी फिरकत नसे. डाळ झाल्यावर ती काढून ठेवायची, कुकरात नुसतं पाणी घालायचं आणि मंद जाळावर बसवायचं. बाहेरच्यांची खात्री पटावी म्हणून मधून मधून जाळ वाढवून एखादी शिट्टी होऊ द्यायची. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आमची सून जिवावर उदार होऊन रांधते. आणि आत ती जिवावर उदार झालेली सून पदराला डोळे पुसत नायिकेच्या नवऱ्याची वाट पाहत असायची. दीर दोर वळायचं काम घेऊन दारापाशीच बसत, आतल्या बाजूला पाठ करून. कुणी आत जाऊ लागलं, तर हात आडवा धरत. "कुकर हाय," एवढंच म्हणत.

आम्ही परत निघालो तेव्हा दीर बैलगाडीनं तिसगावच्या स्टँडवर सोडायला आले. यजमान तिकिटाच्या चौकशीला गेले, आणि दीर बैलांकडे तोंड करून माझ्याशी बोलले, "तुमच्या घरी आलो हुतो, तवा तुमी कुकर ठिवून गच्चीवर कापडं वाळत घालाय गेल्ता." माझी मान खाली गेली. चोरी उघडी पडली, आता घरी काय होईल, एवढंच माझ्या मनात. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "त्यो फुटत न्हाई, मला ठावं हाय. पन तिला सांगू नगा. समाजलं का ओशाळंल, आन मंग वाचायची न्हाई." कादंबरी अमावस्येच्या आत संपल्याचं मला पुढं पत्रातून कळलं. नायिकेचा नवरा परत आला होता.

मी शब्द पाळला. दीर होते तोवर कधी बोलले नाही. ते गेले त्यालाही आता बराच काळ झाला. जाऊबाईंच्या घरात सुना आल्या, गॅस आला, आणि आता त्या दिवसभर बाहेरच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसल्या तरी त्यांना उठवणारं कुणी नाही. गेल्या खेपेला गेले तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी त्यांना स्टँडवरचं ते सगळं बोलणं सांगून टाकलं. मला वाटलं होतं हसतील. त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"मंग आत येऊन बसायचं हुतं की," त्या म्हणाल्या. "म्या मोठ्यानं वाचलं असतं."