मिकची टॉर्च

नेमबाजीच्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी मी ब्रिस्टलच्या घरात, मागच्या खोलीत काडतुसं भरत बसलो होतो. ब्रिटिश फौजेतून सार्जंट म्हणून निवृत्त झाल्यापासून हा माझा छंद. लायसन्स आहे, सगळं कुलपात असतं. टेबलावर एका वेळी बंदुकीची एकाच प्रकारची दारू. माप छापील पुस्तकातलं, अंदाजपंचे काही नाही. आणि भरताना बोलायचं नाही. बेल वाजली की दार शुभदा उघडते.

"अहो, एवढं कॉन्सन्ट्रेशन डिशेस करताना दाखवा," ती म्हणते. संसारात एवढं ऐकून घ्यावं लागतं.

दारू घातल्यावर, वर गोळी बसवण्याआधी, काडतुसाच्या प्रत्येक पितळी केसमध्ये टॉर्च मारून दारू पडलीय ना ते बघायचं. आधी मी, मग शुभदा. ही सवय मिकची. कॉर्पोरल मिक माझ्या सेक्शनमध्ये होता. गस्तीवरून परतलो की रायफली रिकाम्या करायच्या. काडतूस बसतं ते चेंबर रिकामं बघून मी "क्लिअर" म्हटलं तरी हा टॉर्च घेऊन वाकणारच.

"तुझ्यावर विश्वास आहे. चेंबर दाखव."

भयंकर राग यायचा. मग एका गस्तीवरून मिक परतला नाही. रस्त्यात बॉम्ब पेरलेला होता. त्या दिवशी टॉर्च माझ्याकडे राहिली होती.

उद्याची मॅच त्याच्याच नावाची. आमचा क्लब ती दरवर्षी घेतो.

सकाळी रेंजवर कमांड माझ्याकडे होती. पहिल्या लेनवर मिकचा धाकटा भाऊ केव्ह, लिव्हरची रायफल आणि घरी स्वतः भरलेली काडतुसं घेऊन. दोन बार नीट झाले. तिसऱ्याला नुसतं फुस्स. टार्गेटवर भोक नाही. घड्याळ चालू होतं. केव्हने लिव्हर ओढून पुढचं काडतूस आत घेतलंसुद्धा.

"स्टॉप! स्टॉप! स्टॉप!"

"एक फुसकं निघालं, बस," केव्ह म्हणाला.

"बोट ट्रिगरबाहेर. नळी समोर. अनलोड."

त्याने रायफल रिकामी केली. मी चेंबर पाहिलं, मग नळीत रॉड घातला. रॉड मध्येच अडला. गोळी आतच रुतली होती. पुढचा बार झाला असता तर नळी त्याच्या तोंडासमोर फुटली असती.

केव्ह गवतावर बसला. "भरताना फोन आला होता," तो हळूच म्हणाला. बोलण्याच्या नादात एक केस दारूविना राहिली होती; नुसत्या तळाच्या टोपीच्या जोराने गोळी नळीपर्यंतच पोचली होती.

मी रायफल बाजूला ठेवली. मिक गेल्यावर त्याच्या आईला भेटायला मी गेलो होतो. त्याच दारात पुन्हा उभं राहायची माझी छाती नव्हती.

आता केव्ह शनिवारी आमच्याकडे येतो. फोन बाहेर शुभदाकडे जमा. त्याच्या उरलेल्या काडतुसांतलं एकही आम्ही वापरलं नाही. परवा त्याने नवा ट्रे भरला, पाहिला आणि न सांगता शुभदापुढे सरकवला. तिने एकेका केसमध्ये टॉर्च मारली.

"क्लिअर. आता कांदेपोहे खाऊन घ्या, गार होतायत."

टॉर्चवर मिकने चाकूने स्वतःचं नाव कोरलंय. ती मी केव्हच्या हातात दिली. "तुझ्या भावाची आहे. घेऊन जा."

केव्हने नावावरून अंगठा फिरवला आणि टॉर्च परत ट्रेशेजारी ठेवली.

"राहू दे इथेच," तो म्हणाला. "इथे तो ड्यूटीवर आहे."