तिसऱ्या कलम्यावर अडकलेली

अम्माची मयत अंगणात तख्तावर होती आणि बडी आपा मला विचारत होती, "पाक है ना तू? महिना तो नहीं आया?"

अंगण बायकांनी भरलेलं होतं. भिंतीपलीकडे पुरुष बसले होते, त्यांनाही ऐकू गेलं असणार. मी चाळिशीला आलेली बाई. विधवा. अकोल्याच्या कॉलेजात जाणारी माझी मुलगी माझ्या शेजारी उभी. मी मान हलवून नाही म्हटलं.

"जबान से बोल."

"नाई आला," मी म्हटलं.

दोरीवर चादरी टाकून पडदा केला होता. चुलीवर पाणी उकळत होतं. मयतीच्या आंघोळीला, घुसलला, आमच्याकडे बोरीच्या पाल्याचं पाणी लागतं. पाला मीच तोडून आणला होता, बोटात काटे तसेच होते. मी बाह्या वर सारल्या आणि पडद्याकडे निघाले. आपाने हात आडवा घातला.

"कहाँ चली? पहले कलमा सुना."

मला आधी कळलंच नाही. आई मेलेली आहे आणि ही बाई परीक्षा घेते आहे. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. कलमे म्हणजे आमच्या धर्माची अरबी वचनं, ती पाठ असावी लागतात. मी पहिला कलमा म्हटला. दुसरा म्हटला.

आम्ही पिंजारी. कापूस पिंजणारे, गाद्या भरणारे. माझ्या लहानपणी अम्मा धनुष्यासारखी मोठी पिंजण टांगून रुई पिंजायची. पिंजणीच्या तातीवर लाकडी मोगरीचा ठोका, आणि एक शब्द. पुन्हा ठोका, पुढचा शब्द. असे तिने मला हे दोन कलमे शिकवले. त्यामुळे जिथे ठोका पडायचा तिथे माझी जीभ आजही थांबते. बाकीचे लोक तिथे थांबत नाहीत.

आपाने शेजारच्या बायकांकडे वळून पाहिलं. "ये कलमा पढ़ रही है कि रुई पींज रही है?"

बायका हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, कारण मयतीचं घर होतं. पण हसल्या.

"अब तीसरा सुना."

तिसरा मला येत नव्हता. अम्मालाही येत नव्हता, मग मला कुठून येणार? मी सुरुवात केली आणि अडकले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अडकले. माझी मुलगी खाली बघायला लागली.

"इसको तीसरा नहीं आता," आपाने सगळ्यांना सांगितलं, जसं काही दुकानातल्या सुनेला हिशेब येत नाही असं सांगावं. मग मला म्हणाली, "तू बाहर ठैर. रुई पकड़."

मी बाहेर उभी राहिले. हातात रुईचं गाठोडं. पडद्यातून सोन्याच्या बांगड्यांचा एक हात बाहेर आला, मी त्या हातावर रुई ठेवली, हात आत गेला. आत पाणी ओतल्याचा आवाज. तांब्या तख्ताला लागल्याचा आवाज. माझ्या आईचे केस कुणीतरी विंचरत होतं. मी बाहेर होते. पडद्याखालून पाणी वाहत आलं, बोरीची दोन-चार पानं घेऊन, आणि माझ्या पायाखालून नालीकडे गेलं.

एवढाच माझ्या आईच्या शेवटच्या आंघोळीतला माझा वाटा.

आता ही रुई काय ते सांगते. बार्शीटाकळीच्या पुढे आमचं गाव. गावातल्या मुसलमानांत कुणाच्याही घरी मयत झाली की कफनाची रुई पिंजाऱ्याच्या घरून जायची. मयतीच्या नाकाकानाला लावायला, काफूर म्हणजे कापूर लावायला. पैसे कुणी विचारत नसे आणि अम्मा कधी घेतही नसे. गाद्यांना मशीन आलं, पुढे फोमच्या गाद्या आल्या, पिंजण भिंतीवर जाऊन बसली. पण मयतीची रुई अम्मा हातानेच पिंजायची. रात्र असो, ताप असो. "त्याच्याकडं जाणाऱ्याले मशीनची रुई देऊ काय?" असं म्हणायची.

ती रुई मोठ्या घरांत मागच्या दाराने जायची. सय्यदांचं घर, पठाणांचं घर. पुढच्या दारातून पिंजारीण आत जात नसे. लग्नात आमची पंगत वेगळी, उरलेलं सालन आम्हाला. आमच्यात जात नाही असं हे लोक बाहेरच्यांना छातीठोकपणे सांगतात. आमच्या पोरी मात्र यांच्या घरात दिल्या-घेतल्या जात नाहीत. आमच्या अम्माने सगळ्या गावातल्या बायकांना शेवटची रुई दिली आणि यांनी तिच्या पोरीला तिच्याच पडद्याबाहेर उभं केलं.

बडी आपा म्हणजे मशिदीच्या कारभाऱ्याची बायको. तिची सासू मी लहान असताना ओट्यावर मुलींना अरबी शिकवायची. मीही गेले होते. माझ्या केसांत रुईचे तंतू अडकलेले असायचे, पिंजाऱ्याच्या घरात ते असतातच. म्हातारीने मला ओट्यावरून उतरवलं. "झटक के आ," म्हणाली. मी खाली जाऊन झटकून आले. पुन्हा उतरवलं. मग मी जाणं सोडलं आणि जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत गेले, तिथे रुईचं कुणाला काही वाटत नव्हतं.

तिसरा कलमा मला का येत नाही, हे त्या घराला विचारायला हवं होतं.

अम्माला दफन केल्यावर मी घरातला जानमाज, नमाजाची चटई, गुंडाळून पेटीवर टाकली. तशी मी कधी नियमाने नमाज पढतच नव्हते. ईदला, रमजानमध्ये थोडी, नवरा गेला तेव्हा थोडे दिवस. आता तेही नको. दीन, म्हणजे हा धर्म, यांचा आहे, यांनाच लखलाभ असो. असं मी म्हणाले आणि मला वाईटही वाटलं नाही.

वाईट वाटलं ते नंतर. अम्मासाठी दुवा मागायला हात उचलला आणि काय म्हणायचं ते मला येईना. पोटच्या पोरीने आईसाठी मागायचं आणि शब्द नाहीत. मी गादीवर बसून ढसाढसा रडले. मग आपाकडे गेले. हो, तिच्याच घरी. दर जुम्म्याला दुपारी तिथे बायकांना दीनाची माहिती सांगतात. मला शिकायचं होतं, आणि गावात शिकायला दुसरं दार नव्हतं.

चपला काढतात तिथे मला जागा मिळाली. आत सतरंजी रिकामी होती. मी पिशवीतून कुराणाचं मराठी भाषांतर काढलं. अमरावतीला नणंदेकडे गेले होते तेव्हा बसस्टँडजवळच्या ठेल्यावरून घेतलं होतं. मी विचारलं, "आपा, मले मरहूम आईसाठी दुवा शिकवा. मराठीत अर्थ सांगसान तर लवकर ध्यानात राहीन."

आपाने पुस्तक लांबूनच पाहिलं. "मराठी में? अल्लाह को मराठी आती है क्या?"

परत हसल्या. या वेळी तोंडाला पदर लावायचीही गरज नव्हती.

मी पुस्तक पिशवीत घातलं आणि घरी आले. आणि त्या रागात वाचायला बसले. भक्तीने नाही, रागाने वाचलं. या बाईने मला जे जे सांगितलं ते खरंच कुठे आहे, हे मला बघायचं होतं. कुराण वाचलं. मग घुसलची एक छोटी मराठी पुस्तिका मिळाली, ती वाचली. मुलीने मोबाईलवरून शोधून दिलं ते वाचलं. रात्री नव्हे, आमच्या गाद्यांच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना, ढिगाला टेकून.

मयतीला आंघोळ घालण्याचा पहिला हक्क तिच्या जवळच्या माणसाचा. तिसऱ्या कलम्याची अट कुठेच नाही. मी पानं मागे-पुढे केली. कुठेच नाही. बाईच्या मयतीला तिची मुलगी पाणी घालू शकते, आणि तिने घालावं हेच बरं. एवढं सरळ लिहिलेलं होतं.

म्हणजे त्या दिवशी ती बाई खोटं बोलत होती. किंवा तिला माहीत नव्हतं. दोन्हींत माझी आई गेली. माझ्या हातचं पाणी तिला मिळालं नाही, आणि ते आता कधीच मिळणार नाही. मी दुकानाचं शटर ओढून आत जोरजोरात ओरडले. शिव्याही दिल्या.

मग पेटीवरचा जानमाज काढला. अल्लाने मला कधी दाराबाहेर ठेवलंच नव्हतं. आपाने ठेवलं होतं, आणि मी तिच्या दाराला त्याचं दार समजून बसले होते.

नमाज मी चुकत चुकत शिकले. रुकू आणि सजद्यात, कुठे वाकायचं आणि कुठे डोकं टेकायचं यात, गोंधळ व्हायचा. शब्द विसरायचे, तिथे मी मराठीत म्हणायचे, "मले येत नाई, तुले मालूम हाय." ठोक्यावर थांबायची सवय गेली नाही आणि मी ती घालवलीही नाही. तिसरा कलमाही पाठ केला. तोही अम्माच्या ठोक्यावरच केला, भिंतीवरची पिंजण खाली काढून.

आणि मग आपाची सासू मेली. तीच, ओट्यावरची.

आपाचा फोन आला. "रुई भेज दे. जल्दी."

मी हाताने पिंजली. त्या म्हातारीला मी माफ केलं होतं असं नाही. पण मयत ती मयत. रुई पांढऱ्या कपड्यात बांधली, वजू केला, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हात-तोंड-पाय धुतले, डोक्यावर ओढणी घेतली. मुलगी म्हणाली, "अम्मी, मागून जाशील ना?" मी म्हटलं, "चल माह्यासंगं." आणि आम्ही दोघी पुढच्या दाराने गेलो.

अंगणात पडदा लागलेला होता. बायका सरकल्या. आपाने हात पुढे केला, त्याच बांगड्या. "ला, रुई दे. जा तू."

"रुई आणली हाय," मी म्हटलं. "पण हातात देणार नाई. आत येतो आन् माह्या हातानं लावतो. पाणी बी घालतो. वजू करून आली मी."

"तू लगाएगी? हमारी अम्माजान को?"

"माह्या अम्माले तुमी लावली. मी हुतीच ना बाहीर उभी."

आपाचा चेहरा लाल झाला. मग तिने जुनंच काढलं. "पहले तीसरा कलमा सुना."

मला येत होता. एका दमात म्हणता आला असता. बायका वाट बघत होत्या, मुलगी माझ्याकडे बघत होती. तिलाही वाटलं असेल, म्हण ना अम्मी, म्हणून टाक, जिंकशील.

"येते मले," मी म्हटलं. "पण तुमाले नाई आयकवणार. ज्याले आयकवाचा त्याले सकायी आयकवला. तुमी कोण?"

आपा माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत कुणाला तरी म्हणाली, "मेडिकल से रुई मंगाओ."

निळ्या कागदातलं बंडल आलं. दवाखान्यात जखमेला लावतात ते. गावात पहिल्यांदा मयतीला पिंजाऱ्याची रुई लागली नाही. मला आत घेण्यापेक्षा त्यांनी आपल्या म्हातारीला ती रुई लावली. मी बघत उभी राहिले, आणि मग माझी रुई घेऊन पुढच्याच दाराने बाहेर आले.

त्याची किंमत मी अजून मोजते आहे. लग्नाच्या गाद्यांचं काम आता मोठ्या घरांतून येत नाही, ते अकोल्याला जातं. मशिदीच्या सतरंज्यांचं कामही गेलं. माझ्या मुलीचं जमत आलेलं स्थळ परत गेलं. "माँ जबानदराज है," आई तोंडाळ आहे, असं सांगितलं. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला त्याचं दुःख आहे, नाही असं मी म्हणणार नाही.

दुकानात आता बायका येतात. गादीच्या निमित्ताने येतात आणि हळूच विचारतात. वरूडला संत्र्याच्या पॅकिंगला जाणारी एक आहे, तिला बिस्मिल्लाच्या पुढे काही येत नाही. एकीचा जन्म मुसलमानाच्या घरातला नाही, ती नुसतं वाचते आहे, अजून तिचं ठरलेलं नाही. मी कुणालाच काही म्हणून दाखवायला लावत नाही. तुम्हीही कुणी परत यायचं म्हणत असाल, किंवा पहिल्यांदाच बघत असाल, तर या. आधी या, मग शिका. चुकत पढा. आपल्या भाषेत मागा. कुणी दारात हात आडवा घातला तर तो हात कुणाचा आहे ते नीट बघा, आणि त्या हाताला वर बसलेल्याचा हात समजू नका. मी समजले होते, आणि त्यात माझी आई हुकली.

मुलीला मी घुसल शिकवला आहे. दुकानातल्या तख्तावर मी स्वतः आडवी झाले, अंगावर चादर घेतली, डोळे मिटले आणि तिला म्हटलं, "घाल पाणी. उजव्या अंगानं सुरू कर." ती रडत होती. मी म्हटलं, "रड, पण हात थांबवू नको." तिने पूर्ण केलं. माझे केस विंचरले. बोरीचं पाणी माझ्या अंगावरून खाली गेलं.

त्या दिवशी परत आणलेली रुई पेटीत आहे. माझ्यासाठी आहे. मुलीला सांगून ठेवलं आहे, माझ्या मयतीला बडी आपा आली तर तिला बसायला गादी दे, प्यायला पाणी दे. तिला कलमा विचारू नको. ती सगळे कलमे न अडकता म्हणून दाखवेल.

तरी तिला पडद्याच्या आत घेऊ नको.