सिंगापूरला दोनदा

ट्रॅव्हल ऑफिस चालवणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोकच ते पासपोर्टच्या झेरॉक्ससोबत आणून देतात. रायपूरच्या बुढापारा भागातल्या माझ्या ऑफिसात असे ढीग साचलेत, पण रेल्वेवाल्यांच्या क्रूझची सर कशालाच नाही.

रायपूर नुकतंच नव्या छत्तीसगडची राजधानी झालं होतं. राजधानीत राहणाऱ्याने एकदा तरी फॉरेनला जायला हवं, असं आमच्याकडे सगळ्यांनाच वाटायला लागलं होतं. ग्रुप रेल्वेतून रिटायर झालेल्या मराठी जोडप्यांचा. म्होरके पिंपळकरकाका, निवृत्त गार्ड. खरी ओढ मात्र पिंपळकरकाकूंना. त्यांनी समुद्र पाहिलाच नव्हता. रेल्वेचा फुकट प्रवासाचा पास मिळाला की काका म्हणायचे, "यंदा समुद्र." आणि दर वर्षी तो पास नागपूरच्या लग्नांत संपायचा.

*

पहिल्या मीटिंगमध्ये मी नियम सांगितला. जहाज सिंगापूरहून सुटणार, मलेशियाला जाऊन परत सिंगापूरलाच लागणार. म्हणजे सिंगापुरात दोनदा शिरायचं. व्हिसा एकदाच शिरण्यापुरता असेल, तर जहाजावर चढूच देत नाहीत.

"काहून?" काका म्हणाले. "मलेशिया म्हंजे ब्रेक जर्नी. मधात उतरलो, पाय मोकळे केले, पुन्हा बसलो. तिकीट तेच."

"काका, इथे देश बदलतो."

"अन् मी मलेशियात उतरलोच नाही तं?"

"तरी सिंगापूर सोडलंच ना."

"बोगीतच बसून राहिलो तं?"

सगळ्या ग्रुपने माना डोलावल्या. उभी हयात रेल्वेत काढलेली माणसं ती, बोगीत बसलेला माणूस देशाबाहेर गेला हे त्यांना पटवणं माझ्या बापालाही जमलं नसतं.

शेवटी काकू बोलल्या. "संक्रांतीचं वाण घेऊन बाई घरी गेली, अन् पुन्हा दारात उभी राहिली, तं तुमी तिले दुसरं वाण देता का?"

"नाही!" सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या. नवऱ्यांना त्यांनीच घरी जाऊन समजावलं. मी फक्त चहा मागवला.

*

सगळ्यांचे अर्ज आम्ही ऑफिसात भरले. काकूंचा तेवढा काका घरून भरून घेऊन आले. आयुष्यभर बायकोच्या पासाचा फॉर्म त्यांनीच भरला होता, तो मान ते सोडणार थोडेच! पाकीट बंद होतं. मी उघडायला गेलो, तर त्यांनी हात धरला.

"गार्डनं सील केलेलं उघडत नसतात."

व्हिसे आले. सगळ्यांना कितीही वेळा शिरायची परवानगी, काकूंना एकदाच. पासावर जाणं-येणं मिळून एकच प्रवास धरतात, म्हणून काकांनी अर्जात एकाच प्रवेशावर खूण केली होती.

जहाज सुटायला फार दिवस उरले नव्हते. काकांचा चेहरा पाहवत नव्हता. ते हळूच म्हणाले, "मी बी नाही जात. दोघंबी घरी राहू."

"दोघं काहून?" काकू म्हणाल्या. "चुकी एकानं केली."

*

उरला औद्योगिक वसाहतीत लोखंडाची रोलिंग मिल असलेले गुप्ता भैया तेव्हा ऑफिसात बसले होते. राजधानी झाल्यापासून रायपुरात ज्याच्या त्याच्या खिशात एक मंत्री असायचा. भैयांनी लगेच मोबाइल काढला.

"दीदी, चिंता मत करो. मंत्रीजी से फोन करवा दूँ?"

काकूंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "भैया, सिंगापूर भी छत्तीसगढ़ में आ गया क्या?"

भैयांनी मोबाइल खिशात ठेवला.

*

आम्ही नव्याने अर्ज केला. सोबत खुलासा जोडायचा होता. तो काका म्हणाले मीच लिहितो, आणि साहेबाला देतात तसा लिहिला. "पत्नीचा काही दोष नाही. संपूर्ण जबाबदारी पतीची आहे. पुन्हा असे होणार नाही."

मी म्हणालो, "काका, शेवटचं वाक्य काढू या. सिंगापूरवाल्यांना त्याचं काय?"

"राहू दे," काकू म्हणाल्या. "मले पाहिजे ते."

निघायच्या आदल्या दिवशी व्हिसा आला. मी स्कूटर काढली आणि थेट गुढियारीला त्यांच्या घरी गेलो. काकूंनी दारातच तो माझ्याकडून वाचून घेतला, मग पुन्हा एकदा वाचायला लावला. मग काकांपुढे हात केला. "तुमचा पासपोर्ट आना इकडे. आता दोन्ही माझ्यापाशी." काकांनी मुकाट्याने दिला. खरं सांगतो, इतक्या वर्षांच्या धंद्यात मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

*

ग्रुपसोबत मीही गेलो होतो. सिंगापूरला जहाजाच्या काउंटरवर मुंबईच्या एका मोठ्या टूरवाल्याचं जोडपं अडकलं होतं, नेमकं एकाच प्रवेशाच्या व्हिसामुळे. आमचा रायपूरचा अख्खा ग्रुप मात्र एका दमात पार झाला. माझी मान जरा ताठच झाली होती, नाकारत नाही.

संध्याकाळी काकू डेकवर कठड्याला धरून उभ्या होत्या. दिवे लागले तरी तिथून हलल्या नाहीत. काकांचा धीर सुटला. "कसा वाटून राहिला समुद्र?"

"नागपूरच्या लग्नाहून बरा हाय," काकू म्हणाल्या, आणि सरकून त्यांना शेजारी जागा दिली.

*

परत सिंगापूरला जहाज लागलं. इमिग्रेशनच्या रांगेत काकूंनी सगळ्यांना मागे सारलं आणि स्वतः पहिल्या गेल्या. मी दुभाषा म्हणून बाजूला. खिडकीत एक गंभीर चेहऱ्याचा अधिकारी. त्याने पासपोर्ट चाळला आणि इंग्रजीत विचारलं, "परत आलात? येण्याचं कारण?"

मी काकूंना विचारलं. सरकारी माणसाशी आमच्याकडे आपोआप हिंदीच निघते. काकू त्याच्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "इनको बोल, काम कुछ नहीं है. वापस आने देते हैं कि नहीं, वही देखने आई."

मी इंग्रजीत सांगितलं, "टुरिझम."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. शिक्का मारला, पासपोर्ट पुढे सरकवला आणि चेहरा न हलवता म्हणाला, "देते हैं, माताजी. आइए."