रविवारची चारशे माणसं

ऑफिसात सगळे त्यांना पणताई म्हणत, कारण त्यांचं दर दुसरं वाक्य ‘पण’ने सुरू व्हायचं. वय त्रेपन्न, चष्मा कपाळावर, काम संगणकात इमारती उभ्या करण्याचं. खऱ्या इमारतीची नक्कल मांडायची, तिच्यात माणसं, दिवे, एसी भरायचे आणि ती वर्षाला किती वीज खाईल ते काढायचं. “हिने शंभर इमारती बांधल्या, पण वीट एकही उचलली नाही,” असं त्यांचा नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

एका आठ मजली इमारतीची नक्कल काही केल्या मीटरशी जुळेना. रविवारी मीटर सुसाट, नक्कल मात्र ढाराढूर. ताईंचे साहेब वयाने त्यांच्या भाच्याएवढे. त्यांनी एका दुपारी आकडे तंतोतंत जुळवले आणि अहवाल इमारतीच्या मालकीणबाईंना पाठवूनही टाकला. ताईंनी मग साहेबांच्या नकलेत डोकावून पाहिलं.

“पण सर, रविवारी चारशे माणसं? फुकट काही वाटतायत का तिथे?”

“ताई, आकडा जुळला ना? विषय संपला.”

विषय कसला संपतोय! ताईंनी खोली न् खोली उघडून पाहिली. तळघरात विजेची खोली होती. ट्रान्सफॉर्मर आणि भिंतभर पॅनेल. साहेबांनी तीही ऑफिससारखीच भरली होती: दोन माणसं, दहा ते सहा, रविवारी सुट्टी. ताईंनी कपाळाला हात मारला, तसा चष्मा नाकावर आला. ट्रान्सफॉर्मरला कुठली आलीय सुट्टी? वर कुणी असो-नसो, तो चोवीस तास तापतोच.

रविवारी त्या थर्मामीटर घेऊन तळघरात उतरल्या. खोलीचं दार वीट लावून उघडं ठेवलेलं. बाहेर पार्किंगमध्ये दोन कुत्री त्या गारव्यात पाय ताणून पडली होती. आत एसी अठरावर, आणि इमारतीचा इलेक्ट्रिशियन कानटोपी घालून पेपर वाचत बसलेला.

“एवढं गार कशाला?”

“मशीनला लागतं, ताई. नाजूक असतं.”

“पण या पाटीवर तर चाळीसपर्यंत चालेल असं लिहिलंय.”

“पाटीला काय कळतंय!”

“पण बॅटऱ्या? गारवा त्यांना लागतो.”

“त्यांची खोली वेगळी. तिथे पंचवीस. तिकडे मी बसत नाही, उकडतं.”

ताईंनी दिवसभर तिथे बसून ट्रान्सफॉर्मरवरचा भार आणि खोलीचं तापमान टिपलं. सोमवारी नक्कल सुधारली: यंत्रांची उष्णता आठवड्याचे सातही दिवस, एसी अठरावर, दार सताड उघडं. चारशेच्या चारशे पाहुण्यांना घरी पाठवलं, तरी आकडा मीटरशी जुळला. मग त्यांनी दुसरी नक्कल केली: दार बंद, बाहेरची हवा खेचणारा पंखा, आणि तापमान पस्तीसला पोचलं तरच एसी. त्या खोलीची वीज पाव हिश्शावर आली.

बैठकीत मालकीणबाईंनी साहेबांचा अहवाल उघडला. “रविवारी माझ्या इमारतीत चारशे माणसं येतात आणि मला पत्ता नाही?”

साहेब पाणी प्यायले. मग रिकामा ग्लासही प्यायले. “हे... ताई सांगतील.”

ताईंनी सांगितलं. साहेबांना वाचवायचं त्यांच्या मनात होतं, पण नक्की कसं ते सुचेना, म्हणून खरंच सांगून टाकलं. मालकीणबाई हसत सुटल्या. साहेबही हसले, जरा उशिरा.

पंखा बसला, दार बंद झालं. कुत्री दुसऱ्या इमारतीत गेली. इलेक्ट्रिशियनने महिनाभर ताईंशी अबोला धरला. मग भर उन्हाळ्यात एका दुपारी त्याचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता.

“ताई, तेहेतीस झालं! लावू एसी?”

“पस्तीसला.”

“तुम्ही माणूस आहात की थर्मोस्टॅट?” असं म्हणून त्याने फोन आपटला, आणि तासाभराने पुन्हा केला. “चौतीस.”